मंगळावर उतरवून घ्यायला कोण?

15 जुलै 2025 च्या दुपारी अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांचं यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा व्यायामाला आलेले पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि आम्ही सगळे दवाखान्यात एका मोबाईलभोवती जमलो होतो. यानाचं दार उघडलं, शुक्ला हसत बाहेर आले, त्यांनी हात हलवला. टाळ्या पडल्या. माझं लक्ष मात्र त्यांच्या पायांकडे होतं. उभं राहताना त्यांना माणसांनी धरलं होतं.

कोल्हापुरात फिजिओथेरपी करताना मी हे रोज बघते. खुब्याचं हाड मोडून महिनाभर पडून राहिलेली राधानगरीकडची एखादी आजी पहिल्यांदा उभी राहते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येते, घाम फुटतो आणि "पाय माझं ऐकंनात गं बाई" म्हणत ती पुन्हा पलंगावर टेकते. शुक्ला वयानं तरुण, हवाई दलाचे वैमानिक, कसून तयारी केलेले. अंतराळ स्थानकावरचा त्यांचा मुक्काम अवघा 18 दिवसांचा. तरीही परतल्यावर लॅपटॉप बंद करून त्यांनी तो सवयीनं हवेतच सोडून दिला आणि तो खाली पडला, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

आजीला आणि अंतराळवीराला होतं ते एकाच कारणानं. आपण उभे असतो तेव्हा गुरुत्वाकर्षण रक्ताला पायांकडे ओढतं आणि हृदय, रक्तवाहिन्या, पोटऱ्या ते वर ढकलत राहतात. आडवं पडून राहिलं की ही ओढ पायांकडे राहत नाही, अंतराळात ती जाणवतच नाही. अंगातलं पाणी छातीकडे, डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, म्हणून ते पाणी कमी करतं. मग जमिनीवर परतल्यावर रक्त पायांत उतरतं, डोक्याला कमी पडतं आणि भोवळ येते.

स्नायूंचं आणखी वेगळं. तालमीतला एक मल्ल गुडघ्याच्या दुखापतीनंतर प्लास्टर काढून माझ्याकडे आला होता. गुडघ्याच्या वाटीपासून सारख्या अंतरावर दोन्ही मांड्यांवर पेनानं खूण केली आणि टेप लावली. दुखऱ्या पायाची मांडी चांगलीच उतरली होती. त्याचे वस्ताद शेजारी उभे होते. "सहा आठवड्यांत एवढं?" त्यांनी विचारलं. पोटरीच्या आत सोलियस नावाचा स्नायू असतो. आपण नुसते उभे राहिलो तरी तो काम करतो, म्हणून त्याला वेगळा व्यायाम द्यावा लागत नाही. काम थांबलं की तो झरझर झिजतो. अंतराळात पोटऱ्या, मांड्या, पाठ या सगळ्यांचं काम एकदमच थांबतं.

"मग तिथं जोर-बैठका मारायच्या की!" वस्ताद म्हणाले. प्रश्न रास्त होता आणि उत्तर देताना मलाही आपल्या तालमीचा पाया नव्यानं कळला. बैठक काढताना मल्ल स्वतःचंच वजन उचलत असतो. अंतराळात ते वजन उरत नाही. हजार बैठका काढल्या तरी मांडीला ताण बसणार नाही. गदा फिरवायची म्हटलं तर तिचं वस्तुमान तिथंही असतं, ती फिरवायला जोर लागेल, पण पायाला धरून ठेवणारी माती नाही, त्यामुळे गदा एका बाजूला गेली की माणूस दुसऱ्या बाजूला फिरणार. म्हणून 2008 मध्ये अंतराळ स्थानकावर एक खास यंत्र बसवलं गेलं. त्यात निर्वात नळकांड्यांतला दट्ट्या ओढायचा असतो आणि सुमारे 270 किलोपर्यंत ताण मिळतो. ट्रेडमिलवर पळताना खांद्याला आणि कमरेला पट्टे बांधून शरीर खाली खेचून धरावं लागतं. तयारी आणि आवराआवर धरून रोज दोन-अडीच तास यात जातात. 1984 मध्ये राकेश शर्मांनी सॅल्यूत-7 स्थानकावर योगासनं केली, तीही असेच पट्टे बांधून.

ही शिस्त अनुभवातून आली. जून 1970 मध्ये सोयुझ-9 मधून निकोलायेव आणि सेवास्त्यानोव हे दोन सोव्हिएत अंतराळवीर जवळपास 18 दिवस राहून परतले, तेव्हा त्यांना उचलून न्यावं लागलं होतं. शुक्ला स्थानकावर राहिले तेही तेवढेच दिवस. दोन्ही परतण्यांत जो फरक दिसतो, तो पन्नास वर्षांच्या व्यायामशास्त्राचा आहे. रॉकेटविषयी आपण भरभरून बोलतो, या शास्त्राविषयी कुणी बोलत नाही. मला ते खुपतं.

हाडांचं दुखणं अजून सुटलेलं नाही. वजन पेलणारी हाडं, मुख्यतः खुबा, अंतराळात महिन्याला साधारण एक ते दीड टक्का घनता गमावतात. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांची इतकी झीज व्हायला जवळपास वर्ष लागतं. सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं आणि मुतखड्याचा धोका वाढतो. 2022 मध्ये 17 अंतराळवीरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. परतून वर्ष झालं तरी त्यांतल्या नऊ जणांचं नडगीचं हाड पूर्ववत झालेलं नव्हतं. शिवाय महिनोन्‌महिने राहिलेल्या अनेकांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला सूज आढळते, नजर बदलते.

आता मंगळाकडे वळू. तिथं वस्ती करायच्या गप्पा जगभर चालल्या आहेत. जायला सहा ते नऊ महिने, परतीची वेळ जुळेपर्यंत तिथं मुक्काम, मग पुन्हा तेवढाच प्रवास, असा हिशेब तीन वर्षांच्या घरात जातो. सुनीता विल्यम्स अंतराळात 286 दिवस राहून मार्च 2025 मध्ये परतल्या, तेव्हा त्यांना यानातून काढून स्ट्रेचरवर ठेवलं गेलं. ती ठरलेली पद्धतच आहे. बाजूला डॉक्टर होते, बोट होती, पुढे व्यायामाचे महिने होते. मंगळावर पोहोचलेल्या माणसाला यानातून उतरवून घ्यायला कोण असेल? त्याला जड पोशाख घालून स्वतःच उतरायचं आहे, सामान काढायचं आहे आणि चुकून पडला तर झिजलेल्या खुब्यावर पडायचं आहे. पृथ्वीवरच्या डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला, ग्रह दूर असतील तेव्हा, चाळीस मिनिटांहून जास्त लागतील.

मंगळावर गुरुत्वाकर्षण आहे, तिथं शरीर सावरेल, असं काही जण म्हणतात. ते पृथ्वीच्या जेमतेम तीन-अष्टमांश आहे. तेवढं हाडांना पुरतं का, हे आज जगात कुणालाच ठाऊक नाही. चंद्रावर माणूस सर्वांत जास्त राहिला तो डिसेंबर 1972 मध्ये, अपोलो-17 च्या वेळी, सुमारे 75 तास. त्यावरून हाडांविषयी काहीही ठरवता येत नाही. किरणोत्साराचा भाग माझ्या विषयाबाहेरचा, पण क्युरिऑसिटी यानावरच्या उपकरणानं मोजलेल्या आकड्यांवरून नुसत्या जाण्यायेण्याच्या प्रवासातच माणसाला साधारण 660 मिलिसिव्हर्ट मात्रा मिळेल. पृथ्वीवर निसर्गतः वर्षाला मिळते ती दोन-तीन. एवढं अज्ञान पदरी असताना मंगळावर माणूस पाठवणं मला गैर वाटतं, आणि तिथं मुलंबाळं वाढवण्याची भाषा तर बेजबाबदार वाटते.

म्हणजे जाऊच नये, असं मी म्हणत नाही. वालेरी पोल्याकोव हे स्वतः डॉक्टर होते. मीर स्थानकावर सलग 437 दिवस राहून मार्च 1995 मध्ये ते परतले आणि यानापासून खुर्चीपर्यंत मुद्दाम स्वतःच्या पायांनी चालत गेले. शरीर टिकवता येतं, हे त्यांना दाखवायचं होतं. एका माणसानं जमवलेलं सगळ्यांना कसं जमेल, हे शोधायचं काम उरलं आहे, आणि त्यासाठी रॉकेट लागत नाही, पलंग लागतो. जर्मनीत कोलोनला 2019 मध्ये निरोगी स्वयंसेवकांना डोक्याकडची बाजू सहा अंशांनी खाली केलेल्या पलंगावर 60 दिवस झोपवून ठेवलं होतं. जेवण, अंघोळ, शौच सगळं आडवं. अंतराळात शरीर जसं बदलतं, तसंच बरंचसं या पलंगावर बदलतं, आणि कुठला व्यायाम, कुठला आहार ते रोखतो हे मोजता येतं.

हा अभ्यास आपल्या माणसांवर, आपल्या जेवणावर मोठ्या प्रमाणात व्हायला हवा. इस्रोचं गगनयान माणसं नेईल ती तीनेक दिवसांसाठी, तेवढ्यानं हाडं झिजत नाहीत. पण 2035 पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय, ही आपली जाहीर उद्दिष्टं आहेत. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, अनेकांच्या ताटात प्रथिनं कमी असतात. युरोपातल्या तरुणांवर काढलेले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होतील, हे गृहीत धरता येत नाही. सुरुवात चांगली झाली आहे. शुक्लांनी नेलेल्या प्रयोगांत स्नायूंच्या पेशींवरचा एक बेंगळुरूचा होता आणि मूग-मेथीला मोड आणण्याचा एक आपल्या शेजारच्या धारवाडचा. धारवाडला जमतं ते कोल्हापूरला का जमू नये?

पन्हाळ्यावर शिवाजी विद्यापीठाचं अवकाश विज्ञान केंद्र आहे. शहरात सीपीआर रुग्णालय आहे, राजर्षी शाहूंच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींतून स्नायू कमावण्याचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि ते शास्त्रीय मापात अजून नीट बसवलेलं नाही. देशात लोकांच्या पोटाचे प्रश्न असताना अंतराळावर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की पलंगावरच्या या अभ्यासातून जे निघेल, ते अंतराळवीराच्या आधी राधानगरीच्या आजीला मिळेल. ऑपरेशननंतर किती दिवसांनी उभं करायचं, पडल्या पडल्या पोटरीला कुठला ताण द्यायचा, भाकरीसोबत काय वाढवायचं, हे प्रश्न दोघांचे एकच आहेत.

म्हणून इस्रोला, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि शिवाजी विद्यापीठाला माझी विनंती आहे की 60 दिवसांच्या पलंग-अभ्यासाचं एक केंद्र कोल्हापुरात उभं करावं, आणि त्यात पहिल्या तुकडीपासून स्त्रियांनाही घ्यावं. स्वयंसेवक मिळवून देण्यासाठी तालमीतालमीत आणि कॉलेजांत फिरायची जबाबदारी मी घेते, त्याचा मोबदला मला नको.