दोष केवळ जिभेचा नव्हे!

मधुमेह हा सुखवस्तूंचा आजार, अशी एक सोयीची समजूत आपल्याकडे दीर्घकाळ पोसली गेली आहे. ज्याने गोड खाल्ले त्याने भोगावे, शासनाने आणि खाद्य उद्योगाने मात्र हात झटकून मोकळे व्हावे, एवढाच या समजुतीचा उपयोग! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने ती मोडीत काढली. देशात मधुमेही 10 कोटींहून अधिक. गोव्यात तर प्रौढांपैकी 26.4 टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांचे प्रमाण शहरांत आणि खेड्यांत जवळजवळ सारखेच. खेड्यातील शेतमजूर सुखवस्तू केव्हा झाला?

या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी शोधले. 1993 पासून पुणे जिल्ह्यातील गावांत त्यांनी माता व बालकांचा अभ्यास केला. आपले अर्भक वजनाने कमी, स्नायूंनी अशक्त. चरबी मात्र राखून असलेले. मातेच्या पोषणातील उणीव अशी पुढच्या पिढीच्या देहात उतरते. त्या देहावर पुढे पुडीबंद खाद्यांचा आणि साखरपाण्याचा मारा होतो.

याची किंमत अखेर हृदय मोजते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने 1974 सालीच दाखवले, की हृदय निकामी होण्याचा धोका मधुमेही पुरुषांत दुप्पट, तर स्त्रियांत पाचपट असतो. रक्तवाहिनीत अडथळा नसतानाही हृदयाचा स्नायू ताठर होत जातो. जिना चढताना लागणारा दम, पायांवरची सूज ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्षिली जाते. घरची गृहिणी तर ती बोलूनही दाखवत नाही.

अशा वेळी राज्यकर्त्यांचे कर्तव्य कोणते? चिलीसारख्या छोट्या देशाने 2016 पासून अतिसाखरेच्या वेष्टनांवर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2022 च्या मसुद्यात मात्र तारे वाटण्याची योजना होती. निकृष्टातील निकृष्ट पदार्थालाही अर्धा तारा! विषाची परीक्षा घेताना गुणदान करण्याचा हा प्रकार नव्हे काय?

संयम घराघरांत हवाच. पण गर्भवतीच्या ताटात सकस अन्न, वेष्टनावर स्पष्ट इशारा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरेबरोबर हृदयाचीही तपासणी, हे व्यक्तीच्या संयमाने साध्य होत नाही. ते शासनाकडून ठणकावून मागावे लागते.