विश्लेषण : फिजिओथेरपीची पदवी घेऊन पालीत परतावे का?

पालीहून पनवेल एकदा गाठता येते; अर्धांगवायूच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा, महिनोन्‌महिने नेणे घरच्यांना जमत नाही. मग व्यायाम अर्ध्यावर सुटतो आणि सुधारू शकणारा हात तसाच राहतो. फिजिओथेरपी जवळच हवी, ती यासाठी.

शिक्षण कसे?

बारावीला जीवशास्त्र, नंतर ‘नीट’ आणि सीईटी कक्षाची प्रवेश प्रक्रिया. आजवर सहा महिन्यांच्या आंतरवासितेसह साडेचार वर्षांची असलेली ‘बीपीटी’ नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच वर्षांची झाली आहे. पुढे दोन वर्षांची ‘एमपीटी’. व्यवसायासाठी परिषदेची नोंदणी लागते.

संधी कुठे?

देशात या शिक्षणाची सुरुवात १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. आजही बहुतेकांची नजर शहराकडेच असते. तिथे स्पर्धा मोठी, सुरुवातीचा पगार बेताचा. सुधागड तालुक्यात मात्र लावणीने धरलेल्या कमरा, झिजलेले गुडघे, प्लास्टर काढल्यावर आखडलेले सांधे घरोघरी आहेत. सुरुवातीला एक खोली, तपासणीचे टेबल, मोजकी यंत्रे आणि घरी जाऊन उपचार करण्याची तयारी पुरते.

अडचण कोणती?

‘मालिशच तर आहे’ हा समज आणि रोजची फी न परवडणे. म्हणून सगळा भार तरुणांच्या सेवाभावावर टाकू नये. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस मानधनावर काम मिळाले, तर रुग्णाचा खर्च वाचेल आणि परतलेल्या मुलामुलींचा जमही बसेल.