डॉल्फिन पाहा, पण पाठलाग नको!

मालवणला गेलं की सिंधुदुर्ग किल्ला आणि सकाळची डॉल्फिन सफर ठरलेलीच. गेल्या हिवाळ्यात आमचं महिला मंडळही गेलं होतं. किल्ल्याच्या बेटापलीकडे पाण्यावर एक पाठ दिसायचा अवकाश, चार-पाच होड्या भरधाव तिकडेच! "अजून जवळ घ्या हो दादा," हा आग्रह प्रवाशांचाच.

डॉल्फिन म्हणजे मासा नव्हे. आपल्यासारखाच तो पिल्लाला दूध पाजतो, श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. भक्ष्यही तो आवाजाच्या मदतीनं शोधतो. त्यात इंजिनांचा हा गोंगाट! आपल्या किनाऱ्यालगतचा हम्पबॅक डॉल्फिन तर जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. पण होडीत कायदा कोणाला आठवतो?

सफरी बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. होडीवाल्यांच्या, घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायकांच्या चुली त्यावर पेटतात. पण डॉल्फिनच दूर गेले तर? म्हणून मैत्रिणींनो, आपणच सांगूया, "दादा, लांबच थांबा, वेग कमी करा, त्यांची वाट अडवू नका." आणि नाहीच दिसले, तर पैशांवरून हुज्जत नको.

बाळंतिणीच्या खोलीत आपण दबक्या पावलांनी जातो ना? तेवढंच भान समुद्रावरही ठेवूया.