आधी छप्पर, मग हीटर

लडाखच्या उन्हाचं मोल केंद्र सरकारने अचूक ओळखलं आहे. तिथे १३ गिगावॉटचा अक्षय ऊर्जा प्रकल्प उभारून वीज हरियाणातल्या कैथलपर्यंत आणायची, अशी योजना आहे. त्यासाठीच्या पारेषण वाहिनीला ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अपेक्षित खर्च २० हजार ७७३ कोटी रुपये. वीज जरूर आणावी. पण ज्यांच्या डोक्यावर हे ऊन वर्षातले तीनशेहून अधिक दिवस तळपतं, त्यांच्या घरात मात्र हिवाळाभर बुखारी पेटलेली असते. तिच्यात लाकूड जळतं, शेणी जळतात, नाहीतर झोजिला खिंड बंद होण्याआधी ट्रकने वर चढवलेलं इंधन जळतं. २०१९मध्ये श्रीनगर-लेह वाहिनी आली, लडाख राष्ट्रीय ग्रिडला जोडला गेला आणि विजेच्या हीटरची वाट मोकळी झाली. तयार झालेली ऊब जाते कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

तिचा मोठा भाग छपरातून जातो. लेहमध्ये हल्ली सर्रास दिसणारा पंधरा सेंटीमीटर जाडीचा उघडा काँक्रीट स्लॅब घ्या. आत १५ अंश, बाहेर उणे १५; म्हणजे फरक ३० अंशांचा. अशा स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून प्रत्येक अंशामागे सुमारे ४ वॉट उष्णता बाहेर पडते. शंभर चौरस मीटरच्या छपराचा गुणाकार होतो १२ हजार वॉट. एकेक किलोवॉटचे बारा हीटर अहोरात्र चालले, तरी ते फक्त छपराची भरपाई करतील. त्याच स्लॅबवर दहा सेंटीमीटर रॉकवूल (खनिज लोकर) पसरून वर पाणी अडवणारा थर दिला, की हा आकडा सुमारे ११०० वॉटवर येतो. बाराऐवजी एक हीटर! गळक्या रांजणाला बूच मारायचं सोडून आपण नवी विहीर खणायला निघालो आहोत.

यावर मातीच्या जुन्या घरांकडे बोट दाखवून उसासे टाकणं सोपं आहे. लडाखच्या जुन्या घरांत अक्कल होती यात शंका नाही. तळमजल्यावर जनावरं, वर माणसं, जाड कच्च्या विटांच्या भिंती, पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या काटक्या, त्यावर गवत आणि माती. पण ऑगस्ट २०१०च्या ढगफुटीत मातीची घरं कोसळताना ज्यांनी पाहिली, त्यांनी सिमेंटची वाट धरली तर त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय एक गैरसमज दूर व्हायला हवा. माती उष्णता साठवते. पण उष्णता अडवण्यात माती फारशी पटाईत नाही. अडवण्याचं काम गवत, भुसा, लोकर, थर्माकोल अशा हवा कोंडून धरणाऱ्या वस्तूंचं. थंड प्रदेशातल्या घराला दोन्ही लागतं: आतल्या बाजूला जड भिंत, तिच्यावर बाहेरून उबदार आवरण.

हे जमतं, याचा पुरावा लेहजवळच्या फे गावात उभा आहे. सोनम वांगचुक आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये सुरू केलेल्या ‘सेकमॉल’ या शैक्षणिक संस्थेच्या इमारती दाबलेल्या मातीच्या आहेत. त्यांची तोंडं दक्षिणेला आहेत. हिवाळ्यात दक्षिण भिंतीला प्लास्टिकचं हरितगृह जोडलं जातं, उन्हाळ्यात ते काढून टाकतात. लडाखमध्ये ‘ट्रॉम्ब भिंती’ही बांधल्या गेल्या आहेत. दक्षिणेच्या भिंतीला काळा रंग द्यायचा, पुढे थोडी पोकळी ठेवून काच बसवायची. दिवसभरात तापलेली भिंत संध्याकाळनंतर खोलीला ऊब देते. यंत्र नाही, बिल नाही.

सरकारी नियम याबाबतीत कमालीचे उदार राहिले आहेत. २०१८च्या इको-निवास संहितेत छपरासाठी उष्णता-गळतीची कमाल मर्यादा होती दर चौरस मीटरला, प्रत्येक अंशामागे १.२ वॉट; चेन्नईत जी, तीच लेहमध्ये. थंड प्रदेशातल्या भिंती-खिडक्यांसाठी मिळून ती १.८. इंग्लंडमध्ये नव्या घराच्या भिंतीसाठी अशी मर्यादा ०.२६ आहे, आणि तिथली थंडी लेहच्या थंडीपुढे काहीच नाही. वर ही संहिता होती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. छोटं घर बांधणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

म्हणून क्रम ठरवून घ्यायला हवा. आधी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा. सर्वांत स्वस्त काम तेच. मग छप्पर, त्यानंतर उत्तरेची भिंत, मग दुहेरी काच. एवढं झाल्यावर जेवढी थंडी उरेल, तेवढ्याच ताकदीचा हीटर घ्या. एक इशारा मात्र गंभीर आहे: खोलीत बुखारी पेटत असेल तर तिला बाहेरून हवा आणि धुराला नीट धुराडं हवंच. हवाबंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

लडाखमध्ये गोठलेल्या नदीवरच्या चादर ट्रेकला निघणाऱ्या मराठी मंडळींनाही एक सुचवणं आहे. हॉटेल ठरवताना ‘रूम हीटर आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘छपरावर काय घातलंय?’ तेही विचारा. गिऱ्हाईक विचारू लागलं की हॉटेलवाला बदलतो.

आणि सरकारने? वीस हजार कोटींच्या वाहिनीसोबत लडाखच्या प्रत्येक शाळेचं, दवाखान्याचं आणि सरकारी कार्यालयाचं छप्पर आधी उबदार करावं. मग घरमालकांना छपरासाठी बिनव्याजी कर्ज द्यावं. इंधनावर दिलेली सवलत त्याच हिवाळ्यात जळून जाते. छपरावर घातलेला पैसा पुढचे कित्येक हिवाळे परत मिळत राहतो.