पडदा घरचा, गणित परक्याचे
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली लिनक्स प्रणाली मोफत मिळते. जुन्या ग्राफिक्स कार्डातून घरच्या ट्यूबच्या टीव्हीवर तिचे चित्र आणले, तर मॉनिटरचा खर्चही वाचतो. पण एनव्हिडियाच्या जुन्या ड्रायव्हरला काही सांगितले नाही, तर तो अमेरिकेची ५२५ रेषांची एनटीएससी पद्धत धरून चालतो. आपले हे टीव्ही ६२५ रेषांच्या पॅल-बी पद्धतीचे. मग चित्र वर-खाली पळते किंवा रंग उडतात, आणि पुसद-घाटंजीकडच्या मुलाला वाटते, टीव्हीच बिघडला! वास्तविक सेटिंगच्या फाईलीत ‘टीव्ही स्टँडर्ड’पुढे ‘पॅल-बी’ लिहिले, की हा घोळ मिटतो. ही एवढी ओळ मराठीत सांगणार कोण? यवतमाळ जिल्ह्यातील वाचनालयांनी अशी टिपणे जरूर ठेवावीत. फुकटचे ज्ञान भाषेपाशी अडले, तर गरिबाला ते महागच पडते.