दुधाचा दात म्हणून काय झाले?

'दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे. तिच्यावर पैसे कशाला घालायचे?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. विचारणारी माणसे कंजूष नसतात. मुलाच्या वाढदिवसाला हीच माणसे हात सैल सोडतात. त्यांच्या मनात फक्त हिशेब चुकलेला असतो.

मी बँकेतला माणूस. बदल्यांमुळे भाड्याच्या घरांत पुष्कळ राहिलो. घर तीन वर्षांनी सोडायचे आहे म्हणून गळक्या छपराखाली कोणी मुलांना झोपवत नाही. दुधाच्या दाढेचा मुक्काम तर त्याहून मोठा. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने पुढची सहा-सात वर्षे घास चावायचा असतो. शिवाय कायमच्या दातासाठी ती जागाही राखते. ती अकाली गेली, तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

पण वाकड्या दातांपेक्षा मला मुलाचे दुखणे मोठे वाटते. जे मूल भाकरी नको म्हणते, एकाच बाजूने चावते, त्याला आपण हट्टी ठरवतो. रात्री ठणका लागला की लवंगेचे तेल लावतो आणि सकाळी शाळेत धाडतो.

उपचार आहेत. कीड वरवरची असेल तर साफ करून सिमेंट भरतात. खोल गेली असेल तर नसेवर इलाज करून स्टीलची टोपी बसवतात. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे औषध नुसते लावूनही कीड थांबवता येते. किडलेला भाग काळा पडतो, पण मशीन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

छत्रपती संभाजीनगरात घाटीच्या आवारात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांचे दातही तपासले जातात. अडते ते पुढे. तपासणीची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जायचे म्हणजे रोजंदारीवरच्या आईने दिवसाची मजुरी बुडवायची. ती चिठ्ठी दप्तरातच राहते. म्हणून माझे म्हणणे असे, की अशा मुलांना शाळेनेच पालकांच्या संमतीने एकत्र दवाखान्यात न्यावे. सहलीला बस मिळते, तर याला का मिळू नये?

बाकीचे घरच्यांच्या हाती आहे. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. पहिल्या दातापासून ब्रश करावा. फ्लोराइडची पेस्ट तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. आणि आज रविवार आहे, मूल घरी आहे. त्याला खिडकीजवळ बसवून 'आ कर' म्हणा आणि मागच्या दाढा नीट पाहा.