बहुमताची मोजणी : कोठे आणि केव्हा?

मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, एवढेच आपल्या राज्यघटनेचा १६४ वा अनुच्छेद सांगतो. विश्वासदर्शक ठरावाचा सारा व्यवहार या एका वाक्यातून निघाला आहे. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे साधे बहुमत मिळाले की सरकार टिकते, न मिळाल्यास जाते. हिशेब सोपा आहे. वाद माजतो तो हा हिशेब कोणी, कोठे आणि केव्हा करावा यावर.

या वादाचे मूळ प्रकरण बंगळूरचेच आहे. एप्रिल १९८९ मध्ये १९ आमदारांनी पाठिंबा काढून घेतल्याची पत्रे राज्यपालांकडे आली. त्यांपैकी ७ जणांनी लवकरच आपल्या सह्या दिशाभूल करून घेतल्याचे कळविले. अधिवेशन २७ एप्रिलला ठरलेलेच होते, मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई ते आधी बोलावण्यासही तयार होते. तरीही २१ एप्रिलला राष्ट्रपती राजवट आली. बंद दालनात दिलेले पत्र सकाळी एक सांगते आणि संध्याकाळी दुसरे. सभागृहात उभे राहून दिलेले मत मात्र मतदारासमोर राहते. हा भेद राजभवनाला उमगला नाही, की उमगूनही नको होता, हे वाचकांनीच ठरवावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ११ मार्च १९९४ रोजी बहुमताची कसोटी सभागृहातच व्हावी, असा निर्णय दिला. बोम्मईंना त्याचा उपयोग नव्हता. नवी विधानसभा १९८९ मध्येच निवडून आली होती.

स्थळ ठरले, वेळ मात्र मोकळीच राहिली. २०१८ मध्ये २२२ पैकी १०४ जागा मिळविलेल्या पक्षाच्या येडियुरप्पांना राज्यपालांनी पंधरा दिवस दिले. न्यायालयाने मुदत १९ मेपर्यंत आणताच त्यांनी मतदानापूर्वी राजीनामा दिला. उलट २०१९ मध्ये कुमारस्वामींचा ठराव १८ जुलैला मांडला गेला, राज्यपालांनी घातलेल्या मुदती उलटल्या, आणि २३ जुलैला ९९ विरुद्ध १०५ मतांनी सरकार पडले. पक्षादेश मोडल्यास सदस्यत्व जाते, म्हणून बंडखोरांनी विरोधी मत देण्याऐवजी राजीनामे देऊन अनुपस्थित राहणे पसंत केले होते. एकदा मुदत लांबविली ती राजभवनाने, दुसऱ्यांदा सत्तारूढ पक्षाने. लाभार्थी बदलले, युक्ती तीच.

प्रस्तुत लेखकाच्या मते मतदानाची कमाल मुदत विधानसभेच्या नियमांतच निश्चित दिवसांनी बांधावी. राज्यपालांच्या विवेकावर किंवा सभापतींच्या सोयीवर ती सोडू नये. न्यायालयाने ती दर वेळी ठरवावी हेही योग्य नाही. तेथील न्याय बहुधा उशिरा येतो. महाराष्ट्रातील २०२२ च्या बहुमत चाचणीचा राज्यपालांचा आदेश समर्थनीय नव्हता, असे न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असेही त्याच निकालात सांगावे लागले.